नवी गाडी येतेय म्हणे! आधी हिचा जन्ममहिना विचारा

गेल्या पंधरवड्यात एकच फोटो मला अकरा जणांनी पाठवला. कोगनोळी टोलनाक्यावर काळ्या-पांढऱ्या नक्षीच्या आवरणातली मोठी गाडी आणि खाली ओळ, ‘नवी मर्सिडीज, दिवाळीला येणार’. निपाणीपासून खानापूरपर्यंत सगळ्यांचे प्रश्न तेच, म्हणून उत्तरं एकदमच देतो.

प्रश्न (निपाणी): फोटोतली गाडी कुठली? खरंच दिवाळीला येणार काय?

उत्तर: मला सांगता येणार नाही, पाठवणाऱ्यालाही नाही. मर्सिडीजचा कारखाना चाकणला आहे हे खरं, पण त्या पट्ट्यात गाड्या बनवणारे इतरही आहेत. ते आवरण आकार कळू नये म्हणूनच चिकटवतात, कधी आत खोटे उंचवटेही लावतात. त्यावरून दिवाळी सांगणाऱ्याने पत्रिका बघायला बसावं.

प्रश्न (शहापूर): फेसलिफ्ट म्हणजेच नवीन मॉडेल ना?

उत्तर: नाही. बंपर, जाळी, दिवे, आतला स्क्रीन बदलला पण दारं, छत, काचा त्याच राहिल्या, तर ते फेसलिफ्ट. सांगाडाच नवा असला तर नवी पिढी. पण फेसलिफ्टला नुसती रंगरंगोटीही समजू नका. २०१७ च्या फेसलिफ्टमध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासला सरळ रांगेतली सहा सिलिंडरची नवी इंजिनं मिळाली. एक पिढी साधारण सात वर्षं चालते आणि मध्यावर एक फेसलिफ्ट होतं. ऑडीच्या क्यू७ ने मात्र हा हिशेब मोडला. २०१५ ची पिढी, तिला एक फेसलिफ्ट २०१९ ला झालं आणि पुन्हा एक २०२४ ला.

प्रश्न (गोकाक): परदेशात दाखवली की महिन्या-दोन महिन्यांत इथं मिळते, असं ऐकलं.

उत्तर: कुणाकडून ऐकलं? मर्सिडीजचीच सध्याची ई-क्लास जगाला एप्रिल २०२३ मध्ये दिसली आणि आपल्याकडे आली ऑक्टोबर २०२४ मध्ये. फेसलिफ्ट झालेली जीएलई २०२३ च्या जानेवारीअखेर दाखवली, ती इथं नोव्हेंबरात. आपल्याला उजव्या बाजूचं स्टिअरिंग लागतं. ई-क्लास तर इथं लांब व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली मिळते, आणि ती चाकणला जुळवतात. भारतातली तारीख कंपनी जाहीर करेल तेव्हाच धरा.

प्रश्न (खानापूर): फेसलिफ्टचे हेडलाइट माझ्या जुन्या गाडीला बसवू काय?

उत्तर: नको.

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव): सेल्समन म्हणतो, ‘नवीन यायला अजून वर्ष आहे, वर्षअखेरीची मोठी सूट घ्या.’ दुसरा म्हणतो, ‘नवीन येतंय, आत्ताच टोकन भरा.’ कुणाचं ऐकू?

उत्तर: कुणाचंच नको. ज्याच्या यार्डात जुना माल पडलाय तो म्हणतो नवीन लांब आहे. ज्याचा माल संपलाय तो म्हणतो नवीन दारात आहे. बेळगावच्या उद्यमबागेत तीस वर्षं गाड्यांखाली झोपून काढली, हे दोन्ही सूर पाठ झालेत.

मी स्वतः यात फसलोय. धाकट्या भावासाठी जानेवारीत ‘कोरी करकरीत’ गाडी घेतली, सूट बघून डोळे दिपले. घरी आल्यावर कागद नीट वाचले, तर गाडी आधीच्या वर्षीच्या फेब्रुवारीत बनलेली. अकरा महिने उन्हापावसात उभी. बॅटरी मलूल, आणि टायर एकाच जागी बसल्यामुळं स्टिअरिंगला थरथर. दोन महिन्यांत फेसलिफ्ट आलं आणि भावाची गाडी रातोरात जुनाट वाटायला लागली. विकायला काढली तेव्हा घेणाऱ्याने पहिलं आरसीवरचं वर्षच वाचलं. मिळालेली सूट तिथंच परत गेली.

म्हणून पैसे देण्याआधी गाडी बघा, ब्रोशर नंतर. फॉर्म २१ या विक्री प्रमाणपत्रात गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष लिहिलेलं असतं. मसुदा आधी मागा, चॅसी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२२४ म्हणजे २०२४ चा बत्तिसावा आठवडा. गाडी यंदाची आणि टायर मागच्या वर्षाचे असले तर का, ते विचारा. कंपनीने जाहीर न केलेल्या गाडीसाठी टोकन मागत असले तर पावतीवर मॉडेलचं नाव, परतीची अट आणि मुदत लिहून घ्या. लिहून देत नसेल तर तोंडावर हसून बाहेर पडा.

आणि हो, जुनं मॉडेल घेणं चूक नाही. जुना माल आहे हे माहीत असून, त्या हिशेबाची सूट घेऊन, आठ-दहा वर्षं ठेवायची गाडी असेल तर खुशाल घ्या. तीन वर्षांत बदलणार असाल तर मात्र सौद्याआधी एखाद्या जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला विचारा, ‘ही मला किती देशील?’ तो खरं बोलतो, कारण पैसे त्याचे जाणार असतात.

प्रश्न (चिक्कोडी): नवी मर्सिडीज आली की मेहुण्याच्या गडहिंग्लजच्या पत्त्यावर महाराष्ट्राचं पासिंग करून घेऊ काय? टॅक्स वाचेल.

उत्तर: वाचेल असं वाटतं खरं. कर्नाटकात वीस लाखांवरच्या गाडीला आजीवन कर १८ टक्के, वर उपकर. महाराष्ट्रात त्याच किमतीच्या पेट्रोल गाडीला १३ आणि डिझेलला १५ टक्के. पण नोंदणी कायद्याने त्याच राज्यात करायची, जिथं तुम्ही राहता किंवा धंदा करता आणि गाडी एरवी उभी असते. तुमची उभी राहणार चिक्कोडीत. परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नवा नंबर घ्यावा लागतो, आणि कर पुन्हा भरायची वेळ येते. केए-२३ च्या, म्हणजे तुमच्या चिक्कोडीच्या आरटीओत जाऊन खिडकीवर विचारा, एजंटाला नको. मेहुण्यालाही नको.