मत्तयच्या शुभवर्तमानात येशूची जी वंशावळ आहे, तिच्यातल्या अनोळखी नावांना काही महत्त्व आहे का?

आहे, आणि माझ्या मते बरंच. मत्तयच्या पहिल्या अध्यायात जरुब्बाबेलनंतरची नावं बघा: अबीहूद, एल्याकीम, अज्जूर, सादोक, याखीम, एलीहूद, एलाजार, मत्तान, याकोब. मग योसेफ, मरीयेचा नवरा. या नऊ जणांनी काय केलं, कसे जगले, याबद्दल बायबलमध्ये एक ओळही नाही. यहूदी लोकांना बाबेलला कैद करून नेलं होतं, त्या बंदिवासानंतरचा हा काळ. दावीद राजाच्या घराण्याचं सिंहासन गेलं होतं, घराणं मात्र चालू राहिलं, ते या माणसांमुळे.

गंमत म्हणजे हाच मत्तय योराम आणि उज्जीया यांच्यामधले अहज्या, योवाश, अमस्या हे तीन राजे चक्क गाळतो. चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट त्याला जमवायचे होते (हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकडी किंमत असते, आणि दावीद या नावाच्या अक्षरांची बेरीजही १४ येते). राजे गळाले, अज्जूर राहिला! मला ही जागा फार भिडते.

मोशेच्या काळातला नहशोनही असाच विसरला जातो. तो यहूदा वंशाचा सरदार, मोशेचा भाऊ अहरोन याचा मेहुणा. बायबलमधल्या रूथच्या पुस्तकाच्या शेवटी असलेल्या वंशावळीत त्याच्यापासून सल्मोन, बवाज, ओबेद, इशाय अशा पाचव्या पिढीला दावीद येतो.

पुढच्या वेळी ही यादी मनातल्या मनात उरकू नका, एकेक नाव मोठ्याने वाचा.