मान-घशाच्या कॅन्सरचं रेडिएशन: इतके स्कॅन कशाला? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न: बाबांना जिभेच्या मुळाशी कॅन्सर आहे. महिन्यापूर्वीच सिटी स्कॅन झालाय, तरी रेडिएशनवाले परत सिटी करा म्हणतात. जुना चालत नाही का?

नाही चालत, आणि यात तुम्हाला कोणी उगाच फिरवत नाहीये. तो सिटी आजार कुठवर गेलाय हे बघायला होता, तेव्हा मान जशी होती तशी होती. रेडिएशन मात्र सपाट टेबलावर, डोकं-मान हलू नये म्हणून चेहऱ्यावर मापाने बनवलेला मास्क लावून, रोज त्याच पोझिशनमध्ये द्यायचं असतं, म्हणून प्लॅनिंगचा सिटीही अगदी तसाच, 2-3 मिमीच्या पातळ स्लाइस घेऊन करतात आणि डोसचा सगळा हिशोबही त्याच्यावरच होतो, कारण हाड, हवा, स्नायू कुठे किती दाट आहेत ते सिटीतून कळतं. आणि हो, दात आधी दाखवून घ्या! काढायचे असतील तर मास्क बनवायच्या आधीच काढा, कारण रेडिएशननंतर जबड्याची जखम भरायला फार त्रास होतो.

प्रश्न: पेट-सिटी झालाय, आता एमआरआय पण सांगितलाय. पेटमध्ये सगळंच दिसतं ना?

हा समज खूप जणांचा असतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. पेटमध्ये रेडिओअॅक्टिव्ह ग्लुकोज देतात, ज्या पेशी साखर जास्त खातात तिथे चमक दिसते. मानेतली साधी वाटणारी गाठ खरंच कॅन्सरची आहे का, आजार फुफ्फुसात वगैरे गेलाय का, याला पेट फार उपयोगी. पण चमकीची कड धूसर असते, स्क्रीनवरची सेटिंग बदलली की तोच ठिपका लहान-मोठा दिसतो, नुकतीच बायोप्सी झालेली (तपासायला तुकडा काढलेली) जागा किंवा इन्फेक्शनही चमकतं, आणि काही मिलिमीटरचा आजार असेल तर चमकतच नाही. एमआरआयमध्ये मऊ भाग नीट वेगळे दिसतात, जिभेत गाठ किती खोल आहे, कवटीच्या तळाशी किंवा मज्जातंतूच्या (नर्व्हच्या) बाजूने आजार सरकलाय का, ते तिथेच कळतं. मग हे दोन्ही प्लॅनिंग सिटीवर बसवतात, त्याला फ्युजन म्हणतात. तिन्ही वेळा मान वेगळी वळलेली असेल तर चित्रं एकमेकांवर नीट बसतच नाहीत, म्हणून जमेल तिथे एमआरआयही मास्क लावूनच करावा असं माझं ठाम मत आहे. आणि घशाच्या आतल्या अस्तरावर पातळ पसरलेला आजार कुठल्याच स्कॅनमध्ये धड दिसत नाही, त्याला दुर्बिणीनेच बघावं लागतं. दिसलेल्या गाठीभोवती न दिसणाऱ्या आजारासाठी आणि रोजच्या थोड्या हालचालीसाठी आम्ही जागा सोडतो ती यामुळेच.

प्रश्न: मास्कमध्ये गुदमरल्यासारखं होतं.

जाळीचा असतो, श्वास चालू राहतो. कॅमेऱ्यातून तुमच्याकडे सतत लक्ष असतं, हात वर केला की मशीन थांबवतात. तरी भीती वाटत असेल तर मास्क बनवायच्या दिवशीच सांगा, काही ठिकाणी चेहरा उघडा ठेवणारे मास्क पण मिळतात.

प्रश्न: आईचे चार आठवडे झाले, मास्क ढिला पडलाय, आता पुन्हा स्कॅन म्हणतात. काही चुकलं का?

काही चुकलं नाही, लक्ष ठेवलंय म्हणून सापडलं. साधारण 70 ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं माप) डोस 35 वेळा विभागून, सात आठवडे चालतो, तेवढ्यात वजन उतरतं, गाठ आकसते आणि कानाखालच्या लाळग्रंथी लहान होऊन आत सरकतात, म्हणजे ज्यांना सरासरी 26 ग्रेच्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो त्याच जास्त डोसमध्ये येऊ शकतात. मणक्यातल्या मज्जारज्जूची मर्यादाही 45-50 ग्रे धरतात, तिथे तर अजिबात हयगय चालत नाही. रेडिएशनच्या मशीनवरच पोझिशन तपासायला घेतात त्या छोट्या सिटीत हा फरक दिसला की नवा मास्क, नवा प्लॅन. आईचं खाणं कमी झालं असेल तर आहारतज्ज्ञांना आजच भेटा.

प्रश्न: केमो-रेडिएशन संपलं. पेट लगेच करून घेऊ का, मनाला शांती मिळेल.

लगेच नको. रेडिएशनची सूजही चमकते आणि नसता घोर लागतो. साधारण 12 आठवडे थांबतात. 2016 साली छापून आलेल्या पेट-नेक ट्रायलमध्ये मानेतल्या गाठी जास्त वाढलेले 564 पेशंट होते, अर्ध्यांचं केमो-रेडिएशनसोबत मानेचं ऑपरेशन ठरवूनच ठेवलेलं, बाकीच्यांना 12 आठवड्यांनी पेट-सिटी करून गरज वाटली तरच ऑपरेशन. जगण्याच्या प्रमाणात पेटवाले कुठे कमी पडले नाहीत, पण ऑपरेशनं 221 विरुद्ध 54 झाली. मधल्या काळात डॉक्टर मान आणि घसा तपासत राहतीलच, त्या तारखा चुकवू नका, आणि नवी गाठ लागली किंवा दुखणं वाढलं तर 12 आठवड्यांची वाट न बघता जाऊन दाखवा.