वाळ्याचं तेल लावायचं, पण किती?

या महिन्यात सगळ्यांना वाळ्यानेच पछाडलंय असं दिसतंय, उन्हाळा आला की होतंच म्हणा. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, ऑनलाइन खसचं, म्हणजे वाळ्याचंच, इसेन्शियल ऑइल मागवलं, १० मिलीची बाटली. आजोबा कानात अत्तराचा फाया ठेवायचे तसं मी ते डायरेक्ट मानेला आणि मनगटाला लावतेय. वास मस्त येतो पण दोन दिवसांपासून मानेला खाज सुटलीय. तेल खराब असेल का? (सांगली)

आधी लावणं बंद करा, मग तेल खरं की खोटं ते बघू. आजोबांचा फाया आणि तुमची बाटली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पारंपरिक अत्तरात वास चंदनाच्या तेलात उतरवलेला असतो (आता स्वस्तातल्यात चंदन कुठलं, पातळ पॅराफिन नाहीतर तसलंच काहीतरी असतं), म्हणजे ते आधीच पातळ केलेलं असतं, आणि फाया कानाच्या पाळीत ठेवतात, अंगभर चोळत नाहीत. तुमच्याकडचं तेल मात्र नुसता अर्क आहे. शंभर किलो सुकी मुळं तासन् तास, कधी दिवसभर वाफेवर ठेवली तर साधारण एक-दोन किलो तेल निघतं, कधी त्याहूनही कमी, मग त्याचा एक थेंब म्हणजे काय ते तुम्हीच बघा.

आता वाळ्याची बाजूही घेते. मुळांच्या तेलांत वाळा त्यातल्या त्यात सोशिक आहे, बहुतेकांना त्रास देत नाही. पण कुठलंही तेल असं नुसतं रोज एकाच जागी लावत राहिलं की कधीतरी त्वचा रुसते, आणि एकदा ॲलर्जी बसली की ती सहसा जात नाही, पुढे थोडंसं लावलं तरी खाज येते. म्हणून खाज पूर्ण जाईपर्यंत काहीही लावू नका, पुरळ पसरलं किंवा फोड आले तर स्किनच्या डॉक्टरांकडे जा आणि जाताना बाटली बरोबर न्या.

प्रश्न : घरी फेस ऑइल बनवायचंय. ३० मिली जोजोबात (सुगंधी तेल पातळ करायचं साधं तेल) वाळ्याच्या तेलाचे किती थेंब घालू? कोणी २ म्हणतं कोणी २०! (नागपूर)

२० नको हो. चेहऱ्याला अर्धा टक्का पुरे, फार तर एक. ३० मिलीत एक टक्का म्हणजे ०.३ मिली, साधारण ६ थेंब, आणि अर्धा टक्का म्हणजे ३. हातापायाला २ टक्क्यांपर्यंत चालतं. पण वाळ्याच्या बाबतीत थेंबांवर माझा विश्वास नाही, कारण तेल इतकं दाट असतं की थंडीत ड्रॉपरमधून हलतच नाही आणि मग एकदम मोठा ठिपका पडतो. दागिने मोजायचा छोटा डिजिटल काटा मिळतो तो घ्या, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, आणि ३० ग्रॅम तेलाला ०.१५ ग्रॅम वाळा असं वजनाने घाला. बाटली पाच मिनिटं कोमट पाण्यात उभी ठेवली की तेल सैल होतं, गॅसवर मात्र ठेवू नका.

चाचणी हाताच्या आतल्या बाजूला करा, तीसुद्धा तयार झालेल्या मिश्रणाची, नुसत्या तेलाची नाही. बरेच जण रात्री लावून सकाळी बघतात आणि ठीक आहे म्हणतात, पण ॲलर्जी दिसायला दोन दिवसही लागतात, कधी जास्त. मी तर म्हणते आठवडाभर सकाळ-संध्याकाळ त्याच जागी लावून बघा आणि मगच तोंडाला लावा. गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि तान्ह्या बाळांना ही तेलं नकोतच.

प्रश्न : उटण्यात वाळा, नागरमोथा, वेखंड, कोष्ठ सगळं असतं ना, मग या सगळ्यांची तेलं मिक्स करून बॉडी ऑइल केलं तर? (ठाणे)

हा प्रश्न मला फार आवडला आणि उत्तर आहे, नका करू. उटणं दिवाळीला लावतो आणि दहा मिनिटांत धुऊन टाकतो, त्यात मुळाची पूड असते. तेल अंगावरच राहतं. वाळा ठीक, नागरमोथाही बेताने ठीक. पण कोष्ठ, काही दुकानांत उपलेट म्हणतात ते, त्याच्या मुळाच्या तेलाला परफ्युमरीत पूर्ण बंदी आहे. इफ्रा, म्हणजे जगभरातल्या सुगंध उद्योगाची नियम ठरवणारी संस्था, तिनेच ते वापरायचं नाही असं ठरवलंय, कारण त्यातली कॉस्टुनोलाइडसारखी द्रव्यं जोरदार ॲलर्जी आणतात. शिवाय हिमालयातली ही वनस्पती धोक्यात आलेली, १९८५ पासून साइटीस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे.

वेखंडाचं तर ऐकून घ्याच. बाळाच्या टाळूला वेखंड लावणारी आपली घरं आहेत, त्यामुळे तेल निरुपद्रवी वाटतं. पण भारतातल्या वेखंडाच्या तेलात बीटा-ॲसारोन नावाचं द्रव्य भरपूर असतं, प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने कर्करोग झालेला दिसलाय, आणि अमेरिकेत १९६८ पासून वेखंड खाण्याच्या पदार्थांत वापरायला बंदी आहे. आणि हल्ली अँजेलिका नावाच्या वनस्पतीच्या मुळाचं तेलही विकायला येतंय, ते लावून उन्हात गेलात तर भाजल्यासारखे डाग पडू शकतात. वाळ्याचं तसं नाही, म्हणून तुमच्या बॉडी ऑइलमध्ये एकटा वाळा घाला, वासही चांगला येईल.

प्रश्न : ताई मी कॉलेजला आहे, वाळ्याचा परफ्युम करायचाय. मेडिकलमधलं स्पिरिट चालेल? थोडं पाणी घालून स्प्रे केला तर? (कोल्हापूर)

नको गं. मेडिकलच्या स्पिरिटला स्वतःचाच इतका उग्र वास असतो की वाळा बिचारा दिसणारच नाही, आणि हार्डवेअरच्या दुकानातल्यात तर मिथेनॉल असू शकतं, ते विष आहे आणि कातडीतूनही आत जातं. परफ्युमसाठीचं अल्कोहोल वेगळं मिळतं ते घे, नाहीतर सरळ जोजोबात रोल-ऑन कर, सुरुवातीला तेच बरं. अल्कोहोल वापरलंस तर उदबत्तीजवळ बसू नकोस. आणि नुसत्या पाण्यात तेल विरघळत नाही, वेगळंच राहतं, मग काही स्प्रेत सगळं पाणी आणि काही स्प्रेत अंगावर निव्वळ तेल.

वाळा तळाचा वास आहे, उशिरा उमलतो आणि दिवसभर टिकतो, हलक्या वासांनाही धरून ठेवतो. पण जास्त झाला की ओल्या मातीशिवाय काही कळत नाही, म्हणून सगळ्या सुगंधी तेलांच्या एकपंचमांशावर जाऊ नकोस. लिंबूवर्गी काही जोडलंस की छान, फक्त त्यातली काही तेलं उन्हात त्रास देतात तेवढं बघून घे. मिसळून तीन-चार आठवडे काळ्या काचेत ठेवून दे, लगेच वास घेऊन निराश होऊ नकोस.

प्रश्न : माझं खसचं तेल हिरवं आहे, भेसळ का? (वसई)

हिरवं म्हणजे भेसळच असं नाही. कनौजला तांब्याच्या देगेत, म्हणजे मोठ्या भांड्यात, काढलेल्या रूह खसला (खसच्या शुद्ध तेलाला) तांब्यामुळे हिरवट झाक येते. एरवी वाळ्याचं तेल पिवळट-तपकिरी आणि दाट असतं. पण सरबतासारखं गडद हिरवं, पाण्यासारखं पातळ आणि भलतंच स्वस्त असेल तर मला संशय येईल. लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि बॅच नंबर नसेल, नुसतंच 'फ्रॅग्रन्स ऑइल' लिहिलं असेल तर ते दिवाणखान्यात वापरा, अंगाला नको.

प्रश्न : माठात एक थेंब टाकू का? (जळगाव)

नाही! माठात मुळांची जुडी, स्वच्छ धुतलेली, दर दोन-तीन दिवसांनी काढून वाळवलेली.