नववीत शाळा सुटली, आता सीएचं काय?

प्रश्न : मी २४ वर्षांचा आहे. नववीत असताना वडील आजारी पडले अन् शाळा सुटली. सहा वर्षांपासून कळमना मार्केटमध्ये एका अडत्याकडे हिशोब लिहितो. शेतकऱ्यांच्या पट्ट्या काढणं, टॅलीतल्या नोंदी, जीएसटीची बिलं जुळवणं, सगळं मीच पाहतो. सीए व्हायचं मनात आहे. एक जण ४० हजारांत दोन महिन्यांत दहावी-बारावीची प्रमाणपत्रं देतो म्हणतो. घेऊ का?
– एक वाचक, पारडी

उत्तर : भाऊ, त्या माणसाला आधी हात जोडा. पाच-सहा वर्षं घासून परीक्षा द्याल अन् पायाचाच कागद खोटा निघाला, तर वरचं सगळं पाण्यात.

मीही नववीच. लग्नानंतर गांधीबागेत कापडाच्या दुकानात कीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, लिहायला बसले. एकदा तेरजेत, म्हणजे जमा-नावेची बेरीज जुळवायच्या तक्त्यात, २७० रुपयांचा फरक निघाला. दोन दिवस मी वह्या उलथ्यापालथ्या केल्या. म्हातारे मुनीमजी पान खात म्हणाले, ‘नवाने भाग जातो का पाहा. जात असेल तर कुठेतरी आकडे उलटे पडलेत.’ खरंच, २५८० चे २८५० लिहिले होते मी. असलं शिक्षण तुमच्याजवळ सहा वर्षांचं आहे. अडलंय ते फक्त कागदावर.

तो कागद सरळ मार्गाने मिळतो. मी ३१ व्या वर्षी १७ नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचा, फॉर्म भरून दहावी दिली. परीक्षेच्या वर्गात शिरले तर पोरी मला पर्यवेक्षक समजून उठून उभ्या राहिल्या! तुम्हाला मात्र मी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, सुचवीन. पाच वर्षांत परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एकेक विषय देत गेलं तरी पास झालेला विषय जमा राहतो. दहावी मराठीतून देता येते. बारावीला लेखाशास्त्र घ्याच, ते तर तुमचं रोजचंच. दोन्ही मिळून तीन-चार वर्षं धरा, घाई नको.

दहावी झाली की सीएच्या पहिल्या परीक्षेला, फाउंडेशनला, नाव नोंदवता येतं, पण परीक्षेला बसायला बारावी लागते. चार पेपर, प्रत्येकी १००चे. प्रत्येकात ४० हवेत अन् एकूण निम्मे. पेपर इंग्रजी किंवा हिंदीतून, म्हणून भाषेची तयारी आतापासून ठेवा. पुढे इंटर ही मधली परीक्षा, दोन वर्षं आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली उमेदवारी, मग फायनल. आर्टिकलशिपमध्ये स्टायपेंड तुटपुंजा असतो, घर चालवणाऱ्याला तिथेच जड जातं. मी इंटरलाच थांबले. मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. केलं अन् आज अकरा दुकानांचे हिशोब सांभाळते. पश्चात्ताप नाही, पण ऑडिटवर सही माझी चालत नाही. ती सीएचीच लागते.

शाळेचा एकही दाखला न मागणारा एक रस्ता आहे : लंडनच्या एसीसीए या हिशोबतज्ज्ञांच्या संस्थेचा पायाभूत अभ्यासक्रम. तो झाला की मुख्य अभ्यासक्रमात जाता येतं. पण फी पौंडात, पेपर इंग्रजीत अन् त्या पदवीवर भारतात कंपनीचं ऑडिट करता येत नाही. कळमन्यातून मिहान या नागपूरच्या उद्योग-क्षेत्रातल्या एखाद्या परदेशी कंपनीच्या ऑफिसात जायचं असेल तरच पाहा. जीएसटी प्रॅक्टिशनर, म्हणजे दुसऱ्यांची जीएसटीची विवरणपत्रं भरून देणारा अधिकृत माणूस, व्हायचं तर पदवी लागते, तिथेही शॉर्टकट नाही.

नोकरी सोडू नका. महिन्याची ११ तारीख जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राची, २० तारीख ३-बी या कर भरायच्या विवरणपत्राची. हे दहा दिवस तुमचे नसतात, हे मला पाठ आहे. २१ पासून पुढच्या महिन्याच्या सुरुवातीपर्यंत पहाटे दोन तास पुस्तक उघडा. परीक्षेच्या सुट्टीबद्दल शेठजींशी आत्ताच बोलून ठेवा.

आणि या आठवड्यात जुन्या शाळेत जाऊन टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, काढा. नाव, जन्मतारीख आधारशी जुळते का ते तिथेच उभं राहून पाहा. माझ्या टीसीवर आडनावातला एक काना राहिला होता, त्यापायी फॉर्म परत आला अन् वर्ष गेलं.