समवयस्क, समकालीन की 'एकाच सालचे'?

प्रश्न असा आला आहे: "बालगंधर्व, राधाकृष्णन, सी. व्ही. रामन आणि मौलाना आझाद हे सगळे १८८८ साली जन्मले. अशांना मराठीत 'समकालीन' म्हणायचे की 'समवयस्क'? की आणखी काही शब्द आहे?"

'समकालीन' इथे फारच ढगळ होतो. त्याला फक्त काळ एक लागतो, वयाचे त्याला सोयरसुतक नाही. लहानग्या नारायणाचे गाणे ऐकून टिळकांनी त्याला 'बालगंधर्व' म्हटले, अशी आख्यायिका आहे. ते दोघेही समकालीनच, पण टिळक १८५६ चे, म्हणजे मध्ये ३२ वर्षे.

'समवयस्क' जवळचा आहे, पण तो काटेकोर नाही. दोन-तीन वर्षे इकडेतिकडे झाली तरी कुणी हरकत घेत नाही. १९२१ च्या संयुक्त 'मानापमाना'त बालगंधर्वांसमोर उभे राहिलेले केशवराव भोसले १८९० चे. ते समवयस्क खुशाल म्हणा, एका सालचे मात्र नव्हेत. खेड्यातला 'वारगीचा' आणि घरातला 'बरोबरीचा' हेही असेच सैल शब्द. (जाता जाता: 'समवयस्कर' लिहू नका. 'वयस्कर' म्हणजे उतारवयाचा. त्याचा 'र' इथे उगाच येऊन चिकटतो.)

'समवयस्क'ची आणखी एक अडचण म्हणजे तो वयावर उभा आहे, आणि वय माणसाबरोबर थांबते. मौलाना आझाद आणि आचार्य कृपलानी यांचा जन्म केवळ एका सालचा नाही, एका दिवसाचा: ११ नोव्हेंबर १८८८. एक मक्केत जन्मला, दुसरा सिंधमधल्या हैदराबादेत. १९४६ पर्यंत आझाद काँग्रेसचे अध्यक्ष होते, त्याच वर्षी पुढे कृपलानी झाले. तेव्हा दोघे पक्के समवयस्क. पण आझाद १९५८ मध्ये ६९ व्या वर्षी गेले आणि कृपलानी १९८२ पर्यंत, ९३ वर्षे जगले. १९८२ च्या कृपलानींना आझादांचे समवयस्क म्हणताना जीभ अडखळते. एकाच दिवसाचे म्हणताना अडखळत नाही.

'समवर्षीय' असा शब्द कुणी घडवू पाहील. पण 'दहा वर्षीय मुलगा' या वापरामुळे 'वर्षीय' ऐकले की आपल्या डोक्यात वयच येते, म्हणजे फिरून 'समवयस्क'पाशीच. 'सहजात' म्हणाल, तर त्याचा अर्थ जन्माबरोबरच आलेला, उपजत.

तेव्हा माझे मत बोलीतल्या 'एकाच सालचे' याला. "तू कुठल्या सालचा?" हा प्रश्न आपण रोज विचारतो, मग लिहिताना कशाला लाजायचे?

फक्त साल कुठले धरता ते पाहा. वि. स. खांडेकर आणि आचार्य अत्रे दोघेही १८९८ चे. पण खांडेकर जानेवारीतले, अत्रे ऑगस्टमधले, आणि शकाचे साल पाडव्याला बदलते. म्हणून पंचांगाच्या हिशेबाने खांडेकरांचा शके १८१९, अत्र्यांचा १८२०. इसवी सनाने एकाच सालचे, शकाने नाहीत!

तुमच्या यादीत ही भानगड नाही. चौघेही जून ते नोव्हेंबरमधले, त्यामुळे शकही एकच, १८१०. बेलाशक लिहा: "हे चौघे एकाच सालचे."