देव कुठे आहे, असे विचारणे पाप नाही

प्रिय भगिनी,

आठ महिन्यांपूर्वी तुमचा धाकटा भाऊ दीर्घ आजाराने गेला. तेव्हापासून हात जोडले तरी शब्द फुटत नाहीत, ‘देवाची इच्छा’ असे कोणी म्हटले की संताप येतो आणि हा संताप पाप तर नव्हे, अशी धास्तीही वाटते. देव असेलच, तर आता त्याला ओळखायचे कसे, असे तुम्ही विचारले आहे.

आधी संतापाविषयी. बायबलमधल्या ईयोबाची सगळी मुले एकाच दिवशी मरण पावतात. सांत्वनाला आलेले मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात, अवाक्षर काढत नाहीत. बिघडते ते तोंड उघडल्यावर, कारण तुझ्याच पापाचे हे फळ असणार, हे ते त्याला पटवू लागतात. ईयोब मात्र थेट देवालाच जाब विचारतो. शेवटी देव रागावतो तो मित्रांवर, आणि माझ्याविषयी योग्य बोलला तो ईयोब, असे त्यांना सुनावतो. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात पत्नी आणि मुलगा गमावलेले तुकोबाही विठ्ठलाशी उघड भांडले. तुमच्या संतापावरून मला तरी असेच वाटते की तुमचे त्याच्याशी बोलणे अजून थांबलेले नाही. भाऊ का गेला, याचे उत्तर माझ्यापाशी नाही. ईयोबालाही आपल्या दुःखाचे कारण सांगितले गेले नव्हते.

शोकात मन बधिर होते, अन्नाची चव जाते, वाचलेले डोक्यात शिरत नाही. अशा मनाला देव जाणवला नाही, म्हणून तो नाहीच, असे ठरवण्याची घाई करू नका. शकुन आणि संकेतही शोधत बसू नका. दुःखी माणसाला भीती घालून त्याच्याकडून पैसे उकळणारे नेमके तिथेच टपलेले असतात.

त्यापेक्षा तुमच्या पत्रातली एक ओळ पुन्हा वाचा. जिच्याशी फारशी ओळखही नव्हती, ती शेजारीण महिनाभर रोज संध्याकाळी येत असे, तुमच्या आईला औषध देत असे आणि काही न बोलता तासभर तिच्याजवळ बसत असे. तुम्ही हे ओझरते लिहून पुढे गेलात. मी मात्र तिथेच थांबले. त्या काळात तुम्हा दोघींना कोणी आणि कशाने सावरले, हे सवडीने आठवून लिहून काढा. देवाचे सान्निध्य बहुतेकांना त्या क्षणी कळत नाही, मागे वळून पाहताना कळते, असा माझा विश्वास आहे; तरीही तुमच्या यादीत तुम्हाला देव दिसलाच पाहिजे, असा माझा आग्रह नाही.

प्रार्थनेचे शब्द सुचत नसतील तर भावाचे नाव घ्या आणि जे वाटते ते, तक्रारसुद्धा, मोठ्याने बोला. झोप आणि भूक अजून पूर्ववत झाली नसेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर आजच डॉक्टरांना अथवा समुपदेशकांना भेटा. तसे केल्याने तुमची श्रद्धा उणी ठरत नाही.