रेणू आपोआप रचले जातात, तर स्फटिकांवर संशोधन करणारे दिवसभर करतात तरी काय?

तुम्ही विचारलंय की मिठाचं पाणी ठेवून दिलं की स्फटिक आपोआप होतात, सेल्फ-असेंब्ली म्हणजेही आपोआप होणारी जुळणी, मग या क्षेत्रातले लोक पगार कशाचा घेतात? प्रश्न खवचट आहे, पण रास्त आहे. मी पीएचडीची साडेपाच वर्षं द्रावणातून स्फटिक वाढवण्यात घातली आणि घरच्यांनी हाच प्रश्न जरा सौम्य शब्दांत दर सुट्टीत विचारला. तेव्हा धड उत्तर देता आलं नव्हतं, आता देऊन बघते.

'आपोआप' हे खरंच आहे. अडचण इतकीच, की रेणू जितक्या आपोआप योग्य जागी बसतात तितक्याच आपोआप चुकीच्या जागीही बसतात. चुकीचा बसलेला रेणू पुन्हा सुटून निघू शकला तर स्फटिक होतो. त्याला सुटायच्या आधीच वरून दुसऱ्यांनी गाडलं तर गढूळ गोळा होतो. आमचं बहुतेक काम म्हणजे त्याला सुटायची सवड मिळेल अशी परिस्थिती टिकवून धरणं.

माझा पदार्थ होता पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, बोलताना सगळे केडीपीच म्हणतात. लेझरचा रंग बदलायला याचे स्फटिक वापरतात. मोठ्या काचेच्या भांड्यात ५० अंशांना संपृक्त द्रावण करायचं, त्यात नखाएवढा सीड, म्हणजे बीज-स्फटिक, टांगायचा आणि पाण्याचं तापमान दिवसाला ०.२ अंशाने उतरवायचं. हो, दिवसाला. सीड आलटून पालटून दोन्ही दिशांना फिरवत राहायचा, नाहीतर एका बाजूला रेणू जास्त पोचतात आणि दुसरी बाजू उपाशी राहते. बाकी काय करायचं? काही नाही. बघायचं. वही घेऊन बसायचं आणि हात मागे ठेवायचे.

एकोणिसाव्या दिवशी रात्री वीज गेली. सकाळी येऊन बघते तर पाणी सहा अंशांनी उतरलेलं, भांड्याच्या तळाशी शेकडो बारीक कण चमकताहेत आणि माझ्या आरसपानी स्फटिकावर दुधी थर चढलेला. तो थर दुसऱ्या कुठल्या पदार्थाचा नव्हता, तोही केडीपीच. फक्त तो इतक्या घाईत वाढला होता की वाढता वाढता द्रावणाचे सूक्ष्म थेंब त्याच्या पोटात अडकले होते. प्रकाश त्या थेंबांवर विखुरतो, म्हणून पांढरं दिसतं.

असं का होतं हे कळायला स्फटिकाचा पृष्ठभाग जवळून बघावा लागतो. तो दिसतो गुळगुळीत, पण अणूंच्या मापाने पाहिलं तर त्यावर पायऱ्या असतात. कोसेल आणि स्त्रान्स्की या दोघांनी १९२०च्या दशकात रेणूंच्या जागी ठोकळे कल्पून हे फार सोपं करून ठेवलंय. सपाट जागी येऊन पडलेल्या ठोकळ्याला आधार फक्त खालून, तो थोडा सरकतो आणि बहुधा परत द्रावणात जातो. पायरीच्या कडेला टेकला तर आधार दोन बाजूंनी. आणि पायरीची कड जिथे आत वळते त्या खाचेत बसला तर तीन बाजूंनी, तिथे तो टिकतो. म्हणजे स्फटिक वाढतो तो खाचांमधून. द्रावण थोडंसंच अतिसंपृक्त असेल, म्हणजे त्यात मावतं त्याहून जरासंच जास्त विरघळलेलं असेल, तर भलत्या जागी बसलेले निघून जातात आणि खाचेतले राहतात. माझ्या भांड्यात त्या रात्री द्रावण इतकं अतिसंपृक्त झालं की भलत्या जागीही सगळेच राहिले.

इथे एक गंमत आहे, मला या विषयातली सगळ्यात आवडणारी. पायरी सरकत सरकत टोकाला गेली की संपते, आणि मग सपाट मैदान उरतं. नवा थर सुरू करायचा तर मैदानाच्या मध्यावर काही रेणूंनी एकदम जमून टिकायला हवं, जे फार क्वचित घडतं. जुन्या गणितानुसार त्यासाठी द्रावणाची किंवा वाफेची अतिसंपृक्तता कित्येक दहा टक्के हवी. प्रत्यक्षात स्फटिक एक टक्क्यालाही मजेत वाढत होते. गणित चुकलं नव्हतं. १९४९ मध्ये चार्ल्स फ्रँक यांनी सुचवलं, की खऱ्या स्फटिकात रचनेचा एक दोष असतो, त्यातले थर एका अक्षाभोवती पिळले जाऊन गोल जिन्यासारखे चढत जातात. अशा जिन्याची पायरी कधी संपतच नाही, ती फक्त अक्षाभोवती फिरत राहते. १९५१ मध्ये बर्टन, कॅब्रेरा आणि फ्रँक यांनी याचं पूर्ण गणित मांडलं. निर्दोष स्फटिक जवळजवळ वाढलाच नसता, दोष आहे म्हणून तो वाढतो! माझ्या केडीपीचा पृष्ठभाग अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपखाली (हा अतिसूक्ष्म सुईने पृष्ठभाग चाचपून चित्र काढतो) पहिल्यांदा बघितला तेव्हा पडद्यावर अशीच एक बुटकी टेकडी उमटली, वेटोळं घालून बसल्यासारखी. मी अर्धा तास जेवायला गेले नाही.

मग घाई अजिबात करता येत नाही का? येते, पण आधी तेवढी तयारी करावी लागते. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या लेझरसाठी केडीपीचे ३०० किलोच्या आसपासचे स्फटिक हवे होते. जुन्या पद्धतीने एकेकाला दोन वर्षं लागली असती, ते तिथे साधारण दोन महिन्यांत वाढवले. युक्ती अशी, की द्रावण अतिशय बारीक गाळायचं आणि आधी जास्त तापवून ठेवायचं, म्हणजे भलतीकडे स्फटिक सुरू करू शकणारे कण उरत नाहीत. मग बरंच अतिसंपृक्त द्रावणही शांत राहतं आणि वाढ फक्त सीडवरच होते. आमच्या प्रयोगशाळेत हे जमवायचा दोनदा प्रयत्न झाला. दोन्ही वेळा तळाशी बर्फ पडल्यासारखा ढीग.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण मेक्सिकोतल्या नायका खाणीतलं. तिथल्या गुहेत जिप्समचे ११ मीटरपर्यंत लांब स्फटिक सापडले. गुहेतलं पाणी दीर्घकाळ ५८ अंशांच्या किंचित खाली राहिलं, तिथे जिप्सम जेमतेम, कसंबसं वाढू शकतं, म्हणून नवे स्फटिक फारसे सुरूच झाले नाहीत आणि जे होते ते लाखो वर्षं वाढत राहिले. निसर्गाला प्रबंध सादर करायची तारीख नसते.

सुरुवात कुठून करायची हा यातला स्वतंत्र विषय आहे. आज चिपसाठी लागणारं सिलिकॉन ज्या पद्धतीने काढतात ती यान चोक्राल्स्की यांची, १९१६ची. असं सांगतात की त्यांनी चुकून टाक दौतीऐवजी वितळलेल्या कथिलात बुडवला, वर काढला तर निबाला धातूचा धागा चिकटलेला, आणि तो धागा म्हणजे एकच स्फटिक होता. आता १४१४ अंशांना वितळलेल्या सिलिकॉनला सीड टेकवतात आणि फिरवत फिरवत वर खेचतात. १९५०च्या दशकाच्या अखेरीस विल्यम डॅश यांनी दाखवलं, की सुरुवातीला एक बारीक मान काढली तर सीडमधले दोष त्या मानेच्या कडेने बाहेर निघून जातात आणि पुढचा स्फटिक त्या दोषांशिवाय वाढतो. तुम्ही म्हणाल, आत्ताच तर दोष हवा म्हणत होता. वितळलेल्या सिलिकॉनला लागून असलेला स्फटिकाचा पृष्ठभाग अणूंच्या मापाने खडबडीतच असतो, तिथे खाचांना तोटा नसतो, त्यामुळे जिन्याची गरज पडत नाही.

नको असलेला सीड काय करतो हे मात्र औषधवाल्यांना विचारा. रिटोनाविर हे एचआयव्हीवरचं औषध १९९६ मध्ये बाजारात आलं. १९९८ मध्ये त्याच रेणूची वेगळी रचना असलेला, जास्त स्थिर पण कमी विरघळणारा स्फटिक कॅप्सूलमध्ये दिसू लागला. एकदा त्याचे कण कारखान्यात पसरल्यावर जुना प्रकार तिथे बनेनासा झाला. कॅप्सूल मागे घ्याव्या लागल्या आणि औषध नव्या रूपात आणावं लागलं. स्फटिकवाले लोक एकमेकांच्या प्रयोगशाळेत शिरताना कपडे झटकतात हा विनोद यातूनच आला असावा.

आता सेल्फ-असेंब्ली. नाव नवं वाटतं, पण नियम हाच. १९५५ मध्ये फ्रेंकेल-कॉनरात आणि विल्यम्स यांनी तंबाखूवर रोग आणणाऱ्या एका विषाणूचे प्रथिन आणि आरएनए असे भाग वेगळे केले आणि परत एकत्र मिसळले. विषाणूच्या काड्या पुन्हा तयार झाल्या आणि त्या पानाला रोगही आणत होत्या. एकेका काडीत प्रथिनाचे दोन हजारांहून जास्त तुकडे असतात, कोणी हाताने लावले नव्हते. ते जमलं कारण तुकड्यांमधलं एकेक बंधन कमजोर असतं. चुकलं की सुटतं, सगळी बरोबर बसली की एकत्र मिळून पक्की होतात.

नेड सीमन हे स्फटिकशास्त्रज्ञ, आणि त्यांचे स्फटिक वाढत नव्हते. या वैतागातून त्यांना सुचलं, की डीएनएच्या फांद्या असलेले तुकडे बनवले तर ते ठरवलेल्या जागीच जोडले जातील आणि स्फटिकाची चौकट आपल्याला हवी तशी आखता येईल. ही कल्पना त्यांनी १९८२ मध्ये छापली. तसा त्रिमितीय डीएनए स्फटिक प्रत्यक्ष यायला २००९ उजाडलं. मधल्या काळात त्यातून डीएनए नॅनोतंत्रज्ञान नावाचं अख्खं क्षेत्र उभं राहिलं. डीएनएची घडी घालणारे लोक काय करतात? मिश्रण ९० अंशांच्या आसपास तापवतात आणि हळूहळू थंड करतात. ओळखीचं वाटलं ना?

बंधन अजिबात नसेल तरीही रचना होते, हे पहिल्यांदा ऐकून माझा विश्वास बसला नव्हता. एकमेकांना न ओढणाऱ्या, फक्त एकमेकांत न घुसणाऱ्या गोळ्या द्रवात घ्या. त्यांनी सुमारे ४९ टक्के जागा व्यापली की त्या स्वतःहून स्फटिकासारख्या रांगा धरू लागतात. आल्डर आणि वेनराइट यांना हे १९५७ मध्ये संगणकावर दिसलं, प्युसी आणि व्हॅन मेगन यांनी १९८६ मध्ये प्लास्टिकच्या सूक्ष्म गोळ्यांवर दाखवलं. गर्दीत वेडंवाकडं उभं राहिलं तर कोणालाच हलता येत नाही, रांगेत उभं राहिलं तर प्रत्येकाला थोडी थोडी जागा मिळते, म्हणून एकूण एन्ट्रॉपी, म्हणजे हलण्या-मांडण्याच्या शक्यतांचं माप, रांगेतच जास्त. आणि गर्दी ५८ टक्क्यांच्या पुढे गेली की? सगळे जिथल्या तिथे अडकतात, स्फटिक होत नाही, काच होते. परत तेच, सुटायला वाव राहत नाही.

तर दिवसभर काय करतो. शेजारच्या प्रयोगशाळेतली मैत्रीण प्रथिनांचे स्फटिक वाढवायची. ती रोज सकाळी मायक्रोस्कोपखाली शेकडो थेंब बघायची. बहुतेक स्वच्छ, बरेच तपकिरी साका धरलेले, एखाद्यात काहीतरी चमकणारं. त्याला सुईने टोचायचं. भुगा झाला तर प्रथिन, कट्‌कन आवाज आला तर साधं मीठ आणि दिवस खराब. बीज एका थेंबातून दुसऱ्यात न्यायला ती मांजराची गळून पडलेली मिशी वापरायची, त्याच्याइतकं बारीक आणि ताठ अवजार विकत मिळत नाही, असं तिचं मत.

मी त्या सकाळी तापमान हळूहळू वर नेलं, तळाचे कण आणि तो दुधी थर विरघळू दिला, आठवडा गेला, आणि पुन्हा दिवसाला ०.२ अंश. तयार स्फटिकातून हवे ते तुकडे कापून दिले, उरलेला माझ्याकडे आहे. दमट हवेत त्याचे पृष्ठ खराब होतात, म्हणून सिलिका जेल घातलेल्या डबीत ठेवलाय. उजेडात आडवा धरला की आत एक पुसट रेघ दिसते, तिथून पुढची वाढ वीज परत आल्यानंतरची.